मोझामामाकडे चढून जायचे बूट

रविवार, ८ डिसेंबर, रुस्ताक

ही माझ्या दुकानाची मापवही. पुढची पानं बायकांच्या छाती-कंबर-बाह्यांनी भरलीत, मागची कोरी. दुकान या महिन्यात बंद होणार, मग मापं कोणाची लिहू. कोरी पानं टाकवत नाहीत म्हणून लिहायला बसले. बाणकोटच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले, त्यामुळे चुका झाल्या तर झाल्या. वाचणार कोण आहे.

सव्वीस जानेवारीचं मस्कतहून तिकीट आहे. जातो ते कायमचं. मुलाने, मुआजने, गावचं घर रंगवून ठेवलंय. इथलं सगळं आवरत आलं, एक काम राहिलंय. मोझामामाला भेटायचं.

इथे घरच्या मोठ्या बाईला मामा म्हणतात. नवीन आले तेव्हा 'मामा येतेय' ऐकून मी कोणा पुरुषमाणसासाठी डोक्यावरून ओढणी ओढून उभी राहिले होते.

मामा सहा वर्षं झाली वर डोंगरात, तिच्या माहेरच्या गावी राहते. ईदला खाली यायची. गेल्या वर्षी वादीला, म्हणजे इथल्या कोरड्या नदीला, पूर आला आणि गाडीरस्ता वाहून गेला. आता पायवाट तेवढी उरली. मामाची मुलगी जुवैना म्हणते तीन तास. जुवैना बकरीसारखी चढते. म्हणजे मला पाच.

ह्यांना म्हटलं, मी जाणार. हे म्हणाले, "बूट लागतील." बस. तेवढंच.

मंगळवार, १० डिसेंबर

का जायचं ते एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून उतरेल.

सव्वीस वर्षांपूर्वी हे मामाच्या नवऱ्याची, अर्बाब म्हणजे मालक सालिमची, पिकअप चालवायचे. मला इथे येऊन पाच महिने झाले होते. एका दुपारी टायर फुटला, गाडी उलटली. अर्बाब शेजारच्या सीटवर होता, जागच्या जागी गेला. हे वाचले. पायात सळई बसवावी लागली, पण घरी आले.

इथे गाडी चालवणाऱ्याकडून मेलेल्याच्या घरचे रक्ताची भरपाई मागू शकतात, माफही करू शकतात. मामाचे दीर म्हणत होते मागा. मामाने माफ केलं. ह्यांच्यावर एक दिवसही जेलची वेळ आली नाही.

मामा इद्दतीत बसली होती. विधवेने चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. त्या इद्दतीतच तिने मला बोलावणं पाठवलं. मला वाटलं, आता शिव्याशाप देणार. तिने माझ्यापुढे एक कापड टाकलं, हातात सुई दिली. सलवारीच्या मोहरीवर, म्हणजे खालच्या काठावर, इथल्या बायका भरतकाम करतात, ते दाखवलं. रोज बोलवायची, रोज बसवायची, केलेलं उसवायला लावायची आणि पुन्हा करायला लावायची. त्या सुईवर माझं दुकान उभं राहिलं, मुआज शिकला, गावचं घर झालं.

त्या गाडीबद्दल आमच्यात आजपर्यंत एक शब्द नाही. मी कोणालाही तोंडावर बोलते, रुस्ताकच्या बाजारात माझी तीच ओळख आहे. ही एक गोष्ट मात्र गळ्यात अडकून राहिली. जायच्या आधी तिच्यासमोर बसायचं आणि शुक्रन म्हणायचं, आभार मानायचे. फोनवर जमत नाही, ती फोन उलटा धरते.

हे नुसते बूट बूट करतात. मामाचं नाव काढत नाहीत. पुरुषांना अशा गोष्टींचं काही नसतं.

गुरुवार, १२ डिसेंबर

आज एका बाईने ड्रायव्हरच्या हाती जुना झगा पाठवला, म्हणे याच्या मापाने नवा शिवा. मी परत पाठवला. जुन्या कपड्याच्या मापाने शिवलं की काखेत काचतं आणि नाव माझं खराब होतं. अंगावर माप द्यायला स्वतः यावं लागतं. पंचवीस वर्षं हेच ओरडतेय, बायका ऐकत नाहीत.

संध्याकाळी माझ्या पायाचं माप कागदावर काढून ह्यांना दिलं. ते उद्या बरक्याला मासळी आणायला जाणार, येताना बूट आणतील. कागदावरून चपला घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही. गावाहून येणारा प्रत्येक माणूस पायांचे कागद घेऊन यायचा. मागे नाव लिहिलेलं, सासूचा, नणंदेचा, मशिदीच्या मुअज्जिनचा. मी इथून बरोब्बर घेऊन पाठवायची. कोणाची तक्रार आली नाही. नणंद म्हणाली होती टोचतात, पण तिला सगळंच टोचतं.

शुक्रवार, १३ डिसेंबर

बूट आले. जिथे कामगारांचे हातमोजे-टोप्या मिळतात त्या दुकानातले. काळे, जाड, पुढे आत लोखंडाची वाटी. ह्यांनी ठोकून दाखवलं, "दगड पडला तरी बोटाला काही होणार नाही." पाय घातला तर असा बसला की कागद पण आत जाणार नाही. याला म्हणतात माप.

ह्यांनी दुपारभर बुटांना खोबरेल चोळलं. म्हटलं, कातडं मऊ करताय की माशाला मसाला लावताय. हसले नाहीत.

शनिवार, १४ डिसेंबर

वल्लरी ब्लाउज न्यायला आली होती. पुण्याची, नवरा बरक्याच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. दर शुक्रवारी डोंगर चढते. कशाला, तर म्हणे शांत वाटतं. मुलं नाहीत, नोकरी नाही, वेळच वेळ.

तिने बूट उचलून उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाली, "आपा, हे सेफ्टी शूज आहेत."

"मग सेफ्टीच पाहिजे ना. मला काय नाचायला जायचंय."

"उतरताना त्रास होईल. एकदा माझ्याबरोबर चाला तरी."

मग तिने फोनवर स्वतःचे फोटो दाखवले. कुठल्या तरी बर्फाच्या देशात गेली होती. पायाखाली मोठ्या ताटासारखं जाळीचं काहीतरी बांधलेलं. भुसभुशीत बर्फात पाय रुतू नये म्हणून. ते म्हणे पायाच्या नंबरावर घेतच नाहीत, वजनावर घेतात, माणूस आणि पाठीवरची पिशवी धरून. खोटं वजन सांगितलं की माणूस गुडघ्याएवढा आत.

"तुमचं किती?" मला विचारते.

"इथे कुठे बर्फ आहे?"

"सांगा तरी. बुटाचा तळवा किती कडक हवा ते ओझ्यावर ठरतं."

मी अडुसष्ट म्हटलं. ती बघत राहिली. मी बहात्तर म्हटलं. ती तरी बघत राहिली.

"शहात्तर. पिशवी वेगळी. खलास."

शनिवार, २१ डिसेंबर

वल्लरी सकाळीच गाडी घेऊन आली. गावामागच्या टेकडीवर नेलं. चढताना मी तिच्या पुढे. तिला सांगून टाकलं, बूट ओळखायला पुस्तकं लागत नाहीत.

उतरताना दहाव्या मिनिटाला कळलं. प्रत्येक पावलाला पाय पुढे सरकतो आणि बोटं त्या लोखंडी वाटीवर आपटतात. खडी भुरभुरीत, पाय थांबवता येत नाही.  वल्लरीने विचारलं, दुखतंय का. म्हटलं, नाही. तिने पुन्हा विचारलं नाही, पण पुढे जाऊन सावकाश चालायला लागली. मग मला पण सावकाश चालावं लागलं.

घरी येऊन मोजे काढले. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी-निळी.

हे बघत बसले. म्हणाले, "माझी चूक. मी दुकानात हात घालून बघायला हवं होतं." मी म्हटलं, चूक कागदाची, पाय सकाळी वेगळा असतो संध्याकाळी वेगळा. उठून आत गेले. जेवले नाहीत नीट. बुटांसाठी कोणी जेवण टाकतं का.

सोमवार, २३ डिसेंबर

जुवैनाचा फोन. मामाने निरोप दिलाय, येऊ नकोस, वाट खराब आहे, या वयात पाय मोडून घेशील आणि मला तुझी सेवा करायला लावशील. असं बोलतात का. मी म्हटलं, सांग तिला, मी येणारच. जुवैना हसत होती. मागून मामाचा आवाज येत होता, विचारत होती मी जाड झालेय का.

आज वल्लरी बुटांची एक जोडी घेऊन आली. डोंगराचेच, अडतीस नंबर, डब्यात कोरे. तिने तिच्या आईसाठी घेतले होते, आई इथे येणार होती.

"मग आली नाही?"

"नाही. येणार नाही म्हणाली."

"पाय दुखत असतील."

"पाय ठीक आहेत तिचे."

मग आईच्या मनात काय आहे कोण जाणे. लेकीने बोलावलं तर यावं माणसाने. मी घालून बघितले, सैल होते. शिवाय दुसऱ्याच्या आईच्या नावाचे बूट मी कशाला घालू. तिला म्हटलं, तू स्वतः जा पुण्याला आणि दे, बघू कशी घेत नाही. ती म्हणाली, बघू. डबा पुन्हा नीट बांधून घेऊन गेली. चहा अर्धा टाकला.

शनिवार, २८ डिसेंबर

वल्लरी मला मस्कतला दुकानात घेऊन गेली. मुद्दाम संध्याकाळी. म्हणे दिवसभरात पाय सुजतो आणि डोंगरात तसाच सुजतो, म्हणून सुजलेल्या पायाचंच माप घ्यायचं. घरून जाड मोजे बरोबर आणायला लावले.

दुकानात उत्तम नावाचा माणूस, संगमनेरचा. मराठी ऐकून मला बरं वाटलं, पण त्याने पाय पुढे करा म्हटल्यावर मी केला नाही. परक्या पुरुषासमोर पाय उघडा टाकून बसायची मला सवय नाही. मी आयुष्यात दुकानात बसून चप्पल घालून बघितलेली नाही. त्याला काय कळलं कोण जाणे, पायाचं माप घ्यायचा पत्रा माझ्यासमोर ठेवून दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. "मावशी, उभं राहून, सगळं वजन टाकून आकडा वाचा, मी लिहून घेतो." घरी बसून कागदावर घेतलेल्या मापापेक्षा उभं राहून एक नंबर जास्त आला. दोनदा बघितलं.

मग तीन जोड्या काढल्या. बूट न बांधता पाय पुढे सरकवायचा, बोटं पुढे टेकवायची. टाचेमागे एक बोट गेलं तर बरोबर. पहिल्यात बोट जाईना. दुसरे हलके, जाळीचे, छान वाटले. उत्तमने बूट दोन हातांनी पिळून दाखवला, फडक्यासारखा पिळला गेला. "धारदार दगडावर तळव्याला टोचेल. तुमचं वजन..." वल्लरीने पटकन सांगितलं, बॅग धरून ब्याऐंशी. जगाला सांगायची काही गरज नव्हती.

तिसरे घोट्याच्या वर येणारे. पिळले जात नाहीत. मी शिवण बघितली. नाकाशी दुहेरी टाके, दोरा मेण लावलेला, तळवा नुसता चिकटवलेला नाही, कडेने शिवलाय. दुसऱ्या जोडीचा नुसता चिकटवलेला होता. उत्तम म्हणाला, "हे आजवर कोणी बघितलं नव्हतं." म्हटलं, तुमच्याकडे येणारे शिवत नसतील.

एक लाकडी उतार होता. त्यावर खाली तोंड करून उभं केलं, टाचा आपटायला लावल्या. बोटं पुढे लागली नाहीत. टाच सैल वाटत होती, तर त्याने नाडी वरच्या भोकांतून एक वेगळा फास देऊन बांधायला शिकवली. मी तीनदा बांधून दाखवली.

रंग जांभळा आहे. काळे माझ्या मापात नव्हते. जांभळे तर जांभळे.

येताना गाडीत मी वल्लरीला म्हटलं, तुझं भलं होवो. तिने काचेतून बाहेर बघितलं. ऐकू आलं नसेल.

शुक्रवार, ३ जानेवारी

दुकान बंद झालं. मशीन शेजारच्या बाईला दिलं. आता हात रिकामे आहेत आणि मला हात रिकामे आवडत नाहीत.

रोज सकाळी बूट घालून घराच्या मागच्या चढावर जाते. हे खाली उभे राहतात, सळईच्या पायावर, आणि मला बघतात. म्हटलं, सर्कस आहे का. म्हणतात, नाडी सुटलेली दिसली तर सांगेन. ती फास देऊन बांधायची नाडी आता त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते. स्वतःच्या चपलेला नाडी नाही आणि नाडी शिकतात.

वर जाऊन काय बोलायचं ते अरबीत पाठ करतेय. सव्वीस वर्षं बाजारात अरबी बोलले, भाव, कापड, लवकर कर, यल्ला. आभाराचं अरबी कधी नीट लागलंच नाही. जुवैनाला विचारून वाक्य तयार केलं, 'तू आमच्यासाठी जे केलंस त्याची परतफेड अल्लाहच करेल.' म्हणून बघते तर कोरडं वाटतं.

गुरुवार, ९ जानेवारी

पहाटे निघायचं. पिशवीत पाणी, खजूर, सांदणं. मामाला दात नाहीत, तांदळाचं मऊ सांदण चालेल.

ह्यांनी विचारलं, "तिला काय सांगणार?"

"शुक्रन सांगणार. तुमचा सलाम सांगू का?"

"सांग," म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "नको सांगू. राहू दे."

एकदा काय ते ठरवा म्हटलं. ठरवलं नाही.

शुक्रवार, १० जानेवारी, वर

पोहोचले. साडेचार तास.

थंडी अशी की खडकातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. अशी थंडी कशी म्हणून मी पायाने फोडून बघितला. जुवैना पुढे, तिच्यापुढे गाढव, गाढवावर गॅसचे दोन सिलिंडर. मधे एक जागा आहे, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. तिथे मी बसले. म्हटलं, मी इथेच मरते, तू जा. जुवैना म्हणाली, "मर, पण वाटेतून बाजूला सरक, मागून बकऱ्या येतायत." मग उठले.

पाय एकदाही घसरला नाही. बोटं आपटली नाहीत. उत्तम, वल्लरी, जिने शिवले ती कुठल्या देशातली बाई, सगळ्यांना दुआ देत चढले. अल्लाह, इतकी माणसं लागतात एका चढाला.

मामा अंगणात उन्हात बसली होती. एवढीशी झालीय. माझ्याकडे बघून म्हणाली, "जाड झालीस." मग बुटांकडे बघून, "हा रंग कोणी दिला तुला?"

मिठी मारली तर सोडेना. मी वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तिने तोंडात खजूर घातला. संध्याकाळी पुन्हा उघडलं, म्हणाली, आधी झोप, चेहरा कसा झालाय बघ.

शनिवार, ११ जानेवारी, मामाच्या अंगणात

आज कॉफीनंतर मी तिचा हात धरून ठेवला आणि वाक्य सगळं म्हटलं. इद्दतीत मला बोलावलंस, सुई दिलीस, एकदाही दोष दिला नाहीस, हे पण माझ्या अरबीत जोडलं.

मामाने आधी सगळं ऐकून घेतलं. मला ती उम्म मुआज, म्हणजे मुआजची आई, म्हणूनच हाक मारते. मग म्हणाली, "उम्म मुआज, मी कागदावर एका दिवसात माफ केलं. सगळे बसले होते, कोणीतरी विचारलं, मी हो म्हटलं. पोटात माफ झालं नव्हतं."

"मग मला बोलावलंस कशाला?"

"तुला बघायला. तुझा नवरा घरी आला होता, माझा आला नव्हता. तुला समोर बसवायचं होतं, किती दिवस मान खाली घालून बसतेस ते बघायला. तुझे टाके चांगले असायचे तरी मी उसवायला लावायची."

मला वाटायचं ती शिकवतेय.

"मग एक दिवस तू आली नाहीस. तापाने पडली होतीस. मी दुपारपर्यंत तीनदा दाराशी गेले. बाहेर पडायची मुभा नव्हती, नाहीतर आले असते. त्या दिवशी पोटातही माफ झालं, खलास. त्याच्या आधी नव्हतं झालं. तू आभार मानायला एवढी चढून आलीस म्हणून खरं सांगितलं."

मी तिचा हात सोडला नाही.  मग म्हटलं, "शुक्रन."

"कशाचं? आत्ता काय सांगितलं ऐकलंस ना?"

"ऐकलं. त्याचंच."

तिने माझ्या गालावर हात फिरवला, जरा जोरातच.

गच्चीच्या कोपऱ्यात फोनला रेंज येते. ह्यांना लावला, सगळं जसंच्या तसं सांगितलं.   मग म्हणाले, "मामाला विचार, मी आलो तर चालेल का?"

"पायात सळई आहे तुमच्या. इथे बकऱ्या विचार करून चढतात."

"तू विचार."

मी गच्चीवरून खाली ओरडून विचारलं. मामाने वर न बघताच सांगितलं, "सव्वीस वर्षं ईदला येतो, माझ्या चपलांना सलाम करतो आणि जातो. त्याला म्हणावं, यायचं असेल तर तोंड वर करून यायचं. गाढव मंगळवारी खाली येतं, त्यावर बसून यावं."

मी ते पण जसंच्या तसं सांगितलं. बरं म्हणाले. आवाज बसला होता, थंडी असेल खाली पण.

आज उतरायचं होतं, आता उतरत नाही. मंगळवारपर्यंत इथेच. तिकीट सव्वीसचं आहे, वेळ आहे.

आत्ता पुन्हा त्यांचा फोन आला. विचारत होते कोणता सदरा घालू. सव्वीस वर्षांत कधी विचारलं नाही. पांढरा घाला म्हटलं, आणि इस्त्री करून घ्या, मी काही तिथे नाही.